कौलातली घोळ

माझ्या घोळीला कुणी तण म्हटलं की अजूनही माझं पित्त खवळतं. म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार, पण माझ्यासमोर म्हणू नका. समोर म्हणालात तर मी तुम्हाला जेवायला बसवीन, भाकरीबरोबर तीच वाढीन, आणि मग बघू.

एवढं ठणकावून लिहिते म्हणून मला धीट समजू नका. मी मूळची भित्री. दाराची कडी वाजली की पहिल्यांदा वाटतं, काहीतरी चुकलंय आणि ते माझंच. आठवी अर्ध्यावर सोडली मी. हायस्कूल शेजारच्या गावात होतं. सकाळची एसटी बंद झाली आणि तिच्याबरोबर माझी शाळाही. पुढं लग्न झालं. हे बेळगावात फौंड्रीत कामाला होते, म्हणून माणदेशातलं माझं गाव सोडून मी इकडं आले. उचगावच्या वाटेवरच्या एका गावात, एका मोठ्या घराच्या मागच्या अंगाला आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. घरमालकिणीला सगळी गल्ली आक्का म्हणते, म्हणून मीही आक्काच म्हणू लागले.

आक्काबद्दल आधी सांगते, म्हणजे पुढचं भांडण किती जड गेलं ते कळेल. माझ्या बाळंतपणाला माहेरी जायचं ठरलं होतं, पण ऐन वेळी आई विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि पाय मोडून बसली. माझं सगळं आक्कानं केलं. शेक दिला, शेगडी दिली, डिंकाचे लाडू वळले, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घातलं. खिडकीच्या फटीतून मला गार वारा लागू नये म्हणून आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्या फटीत कोंबल्या. त्या चिंध्या अजून तिथंच आहेत. असे उपकार फिटत नसतात. फेडायला गेलं तर ती म्हणणार, "हो बाजूला, मोठी आलीस फेडणारी."

म्हणून मी तिला कशालाच नाही म्हणत नव्हते. तिनं म्हणावं रताळी उकडायला ठेव, मी ठेवायची. तिनं म्हणावं त्या पोरीला काजळ जास्त घाल, मी घालायची. दिवसभरात माझ्या तोंडी दोनच शब्द असायचे, "व्हय आक्का". मनातून सारखी धास्ती, की एक दिवस ही म्हणणार, खोली पाहुण्यांना पाहिजे, तुम्ही दुसरीकडं बघा.

आता घोळीचं. आमच्याकडं घोळीला कुणी तण म्हणत नाही, कारण तण म्हणायला आधी पीक लागतं. ज्या वर्षी ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपायची, त्या वर्षीही ओढ्याच्या कोरड्या वाळूत घोळ पसरलेली असायची. तांबूस देठ, जाड रसाळ पान, दातांखाली आंबटसर. आई कामावरून येताना ओटीत भरून आणायची. लसणाची फोडणी, वर मूठभर हरभऱ्याची डाळ, बास. तव्यावरची भाकरी फुगायच्या आत भाजी तयार. आई म्हणायची, "हिला पाणी घालाय लागत न्हाय, फक्त तुडवू नये." माझ्या बालपणातलं हिरवं म्हणून जे काही आठवतं, त्यातलं निम्मं घोळीचं आहे.

मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा पहिल्यांदा माहेरी गेले. येताना आईनं दशम्या बांधून दिल्या, आणि मी ओढ्यातली मूठभर घोळ ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली. वाटेत गाड्या बदलण्यात, मुलीचं रडं आवरण्यात मी तिला विसरलेच. इथं येऊन पिशवी उघडली तर घोळ मान टाकून पडलेली. पण घोळीच्या मान टाकण्यावर विश्वास ठेवू नये. ती मेल्याचं सोंग छान करते.

तिला लावताना मी जी चूक केली ती फक्त आमच्या मुलखातलीच बाई करू शकते. आमच्याकडं झाड लावायचं तर ते न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, नाहीतर पागोळ्यांखाली. जिथं पाण्याचा एक थेंब जास्त पडेल ती जागा झाडाची, हे आमच्या रक्तातच असतं. मी घराच्या मागं छपराची धार जिथं पडते तिथं, चांगली जागा मिळाली या आनंदात, घोळ लावली. मग आषाढ आला. इकडचा आषाढ मला माहीत नव्हता. आठ-आठ दिवस सूर्य दिसेना, आणि छपराची धार हांडा ओतावा तशी माझ्या घोळीवर. पाऊस उघडला तेव्हा तिथं फक्त काळा चिखल होता, आणि त्याला वास येत होता. दुष्काळात न मेलेली घोळ मी पाणी पाजून मारली.

पुढच्या खेपेला आईकडून पुन्हा आणली आणि या वेळी डोकं वापरलं. आक्काच्या घराच्या पुढच्या भागावर स्लॅब घातला तेव्हा जुन्या छपराच्या आढ्यावरची गोल कौलं मागं भिंतीशी रचून ठेवली होती. ती मी उलटी केली, होडीसारखी झाली. जुन्या गोठ्याची भिंत पाडल्याचा मातीचा ढीग पडला होता, त्यातली माती घेतली, तिच्यात निम्मी खडी-वाळू मिसळली, आणि न्हाणीघराच्या पत्र्याच्या आडोशाला, उन्हाकडं तोंड करून ती कौलं ओळीनं मांडली. पत्र्यामुळं पावसाची धार चुकायची, आणि जेवढं ऊन असेल तेवढं मिळायचं. घोळ अशी पसरली की कौलाच्या कडा दिसेनाशा झाल्या.

दूध घालायला येणारी कानडी बाई एकदा थांबून म्हणाली, "इदु कसा अल्ला?" हा कचरा ना, असं तिचं म्हणणं. मला तोवर थोडं कानडी यायला लागलं होतं. मी म्हटलं, "कसा अल्ला. पल्ले." कचरा नाही, भाजी. ती हसली आणि दूध घालून गेली. तिला सांगणं सोपं होतं.

आक्कानं पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय गं हे?"

"घोळ हाय आक्का. माहेरची."

"घोळ? अगं, माझा जन्म गेला हिला उपटण्यात! लगीन व्हायच्या आधी निपाणीला तंबाखूत उपटली, लगीन झाल्यावर हितं बटाट्यात उपटली. भांगलून भांगलून बोटं वाकडी झाली माझी. आणि तू कौलात घालून पुजतीस व्हय?"

"तुमच्या रानातली बारक्या पानाची आक्का. ही रुंद पानाची."

"व्हय, सवत गोरी असली म्हणून काय मांडीवर घ्यायची काय?"

त्या वेळी दोघीही हसलो. आक्काचं म्हणणं खोटं नव्हतं. घोळ उपटून बांधावर टाकली तरी तिथं पडल्या पडल्या फूल काढते आणि बी सांडते. जिच्या रानात पीक आहे तिला ती वैरीणच वाटणार. मला तेव्हा वाटलं, आक्का बोलते आणि विसरते.

आक्का विसरली नाही. त्याच्या पुढच्या श्रावणात एका सकाळी ती माझ्या दारात आली. हातात मूठभर कोवळी रोपं, मुळांना माती तशीच. घरामागच्या तिच्या परड्यात माठ, भेंडी, दोडका, अळू असे वाफे होते. माझ्या कौलांतलं बी वाऱ्यानं, पाण्यानं, चिमण्यांच्या पायांनी तिच्या माठात जाऊन उगवलं होतं.

"हे बघ. तुझी पिलावळ माझ्या वाफ्यात आलीया."

"उपटा की आक्का. वाफा तुमचा हाय."

"मी उपटीन गं, पण बी येतंय कुठनं? गणपतीला पै-पाहुणं येणार. त्याच्या आधी ही कौलं हितनं उचलायची."

माझ्या तोंडात 'व्हय आक्का' तयारच होतं. सवयीनं ते ओठापर्यंत आलंही. बाहेर पडलं ते दुसरंच.

"न्हाय उचलणार."

गरीब शेळीनं एकदम शिंग उगारावं, तसं झालं असणार आक्काला. मलाही तसंच झालं होतं.

"काय म्हटलीस?"

"न्हाय उचलणार म्हटलं. तुमचं अंगण मी झाडीन, सारवीन. पाहुण्यांच्या भाकरी थापीन. कौलं तेवढी न्हाय उचलायची."

"आणि मी म्हटलं, खोली रिकामी करा, तर?"

"तर कौलं घेऊन जाईन."

"मग गणपती झालं की दुसरी खोली बघा," आक्का म्हणाली आणि हातातली रोपं माझ्या उंबऱ्याबाहेर टाकून निघून गेली.

ती वळल्यावर मी उंबऱ्यावरच बसले. मुलगी दुडुदुडु चालत आली आणि ती रोपं तोंडात घालू लागली. मी तिच्या तोंडातून काढली नाहीत. खाऊ दे म्हटलं. आपलीच आहेत.

हे कामावरून आले तेव्हा त्यांना आक्काच्या लेकाकडून आधीच कळलं होतं. आक्काचा एकुलता एक लेक, गल्लीचा अण्णा. बेळगावात ऑफिसला जातो, रोज गाडीवरून ये-जा करतो. माणूस सरळ, पण आईपुढं त्याचंही माझ्यासारखंच, मान खाली.

"तुझं डोकं ठिकाणावर हाय काय?" हे म्हणाले. "एका भाजीपायी दोन खोल्या घालवतीस?"

"भाजीपायी न्हाय."

"मग कशापायी?"

मला तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगते. त्या दोन खोल्यांत माझं असं काहीच नव्हतं. पाळणा आक्काचा, पाट आक्काचा, आमटी कशी करायची ते आक्काचं. माझी मुलगीसुद्धा आक्काच्या मांडीवर माझ्या मांडीपेक्षा लवकर झोपायची. मी तिच्या उपकारात गळ्यापर्यंत बुडाले होते, आणि बुडालेल्या माणसाला पाय टेकायला चार बोटं तरी कोरडी जागा लागते. ती कौलं म्हणजे माझी कोरडी जागा. तीही उचलली असती तर मी आक्काच्या घरातली एक वस्तू झाले असते. चांगली सांभाळलेली, पण वस्तूच.

हे रोज संध्याकाळी फौंड्रीजवळच्या उद्यमबागेकडं खोल्या बघायला जाऊ लागले. आक्का माझ्याशी बोलेनाशी झाली. मुलीला मात्र रोज उचलून न्यायची, आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात तिला सांगायची, "तुझी आई लई हट्टी हाय गं बाय."

मीही इकडून मुलीलाच सांगायची, "आजीला सांग, हट्ट माहेरनं आलाय. घोळीबरूबर पिशवीतनंच आणला."

"तुझ्या आईला सांग, हट्टाची भाजी हुत न्हाय."

"आजीला सांग, चाखून तर बघा."

पोरगी बिचारी दोघींकडं बघून टाळ्या वाजवायची. असा तो श्रावण गेला. भीती होतीच. पण मी रोज सकाळी त्या कौलांपाशी जाऊन शेंडे खुडायची, आणि दुपारी भाजी करून आक्काच्या खिडकीला वास जाईल असा लसूण परतायची.

गणपती आला. मी म्हटल्याप्रमाणं अंगण झाडलं, सारवलं, मोदकांना बसले, पाहुण्यांच्या भाकरी थापल्या. कौलं जागेवरच होती. पाहुण्यांतल्या कुणी त्यांच्याकडं वळूनही बघितलं नाही.

इथं एक रीत सांगायला हवी. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी. त्या दिवशी आक्का बैलाच्या कष्टाचं खात नाही. नांगरलेल्या रानातलं धान्य नाही, भाजी नाही. माणसानं हातानं खणून लावलं असेल तेवढंच. आमच्या घरी ही पंचमी पाळत नसत, त्यामुळं मला ती इथंच कळली. आक्काची भाजी या एका दिवसासाठी तिच्या परड्यातून यायची. ते परडं ती म्हणूनच दर वर्षी स्वतः कुदळीनं खणायची. या वर्षी ज्येष्ठात ती भावाच्या आजारपणाला निपाणीला गेली होती. परत आली तर परडं खणून, वाफे पाडून तयार. तिनं लेकाच्या पाठीवरून हात फिरवला होता. सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, माझ्या कंबरेसाठी पोरानं कुदळ मारली.

गणपतीच्या दिवशी संध्याकाळी आरती झाल्यावर बायका पुढच्या सोप्यात बसल्या होत्या. आक्का उद्याची भाजी मोजत होती. माठ, भेंडी, दोडका, अळू, सगळं घरचं. मी दाराशी ताटं गोळा करत होते. शेजारची वैनी, जिच्या घरी गल्लीतली शेवटची बैलजोडी आहे, ती हसून म्हणाली,

"आक्का, औंदा तुझ्या पंचमीला आमच्या बैलांचापण हातभार हाय बघ."

"म्हंजे?"

"म्हंजे काय, आमचीच जोडी आलती की तुझं परडं नांगराय. तू निपाणीला गेलतीस तवा."

आक्कानं मान वळवली. अण्णा मखरापाशी समईत तेल घालत होता, तो तसाच वाकलेला राहिला.

"अण्णा! रं, तू कुदळीनं खणलं म्हणालतास न्हवं?"

"मी कुठं म्हणालो आई? तूच म्हणालीस. मी गप्प बसलो."

बायका फिसकन हसल्या.

"ट्रॅक्टर बोळातनं आत जाईना," अण्णा म्हणाला. "न्हायतर ट्रॅक्टरच लावणार हुतो."

"ट्रॅक्टर लावला असतास तर चाललं असतं की," वैनी म्हणाली. "ट्रॅक्टरला कुठं जू असतंय!"

आता सगळा सोपा हसू लागला. आक्का हसली नाही. लग्न होऊन आल्यापासून एक पंचमी तिनं चुकवलेली नव्हती. परड्यातली तयार भाजी तिच्या डोळ्यांसमोर होती आणि तिला ती चालणार नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं. कित्येक दिवसांनी ती थेट माझ्याशी बोलली.

"तू घरातच हुतीस. तुला ठावं हुतं?"

"बैलं आल्ती हे ठावं हुतं. त्यांच्या मालकाला च्यापण मीच दिला. पण परड्यात बैल चालत न्हाय, हे मला कुणी सांगितलं हुतं?"

"उद्या बाजारातनं आणू आई," अण्णा म्हणाला.

"बाजारातलं कुणी कशानं नांगरलंय, ते तू इचारून येणार हायस? ऱ्हाऊ दे. पाण्यावर राहीन."

तेवढ्यात वैनीनंच पुन्हा तोंड उघडलं. "आक्का, हिच्या कौलात हाय की हिरवंगार. तिथं कुठनं बैल जातोय!"

"तण खाऊ व्हय मी पंचमीला?" आक्का म्हणाली.

खरं सांगते, वैनीनं म्हणताक्षणी माझा पाय उचललाच होता. धावत जाऊन सूपभर खुडून आक्काच्या पुढ्यात ठेवावी. खोलीही राहील, मनही राहील. त्या बाळंतपणातल्या चिंध्यांची आठवण मला ढकलत होती. पण तिनं तण म्हटलं. मी हातातली ताटं तिथंच ठेवली.

"न्हाय आक्का, तुम्ही न्हाय खायची," मी म्हटलं. "तण म्हणणाऱ्याला मी देणारपण न्हाय."

आणि घरी आले.

सकाळी उठून मागं गेले तर आक्का कौलांपाशी उभी. नुकती न्हालेली, केस ओले, खांद्यावर पदर. पंचमीला दात आघाड्याच्या काडीनं घासायचे असतात. ती काडी अजून तिच्या हातातच होती. कौलांकडं बघत तिनं विचारलं,

"माती कुठली ही? रानातली?"

"तुमच्या जुन्या गोठ्याच्या भिंतीची."

"आणि खत?"

"काय न्हाय घातलं. हिला लागत न्हाय."

"ती भिंतीची माती आणली असंल की त्या काळी बैलगाडीतनंच!" पलीकडून वैनीचा आवाज आला. तिच्या परसाच्या भिंतीवर कोपर टेकून ती कधीची उभी होती.

"तू गप गं," आक्का तिकडं न बघता म्हणाली. मग माझ्याकडं वळून, हळू आवाजात, "दे वाटीभर."

"काय देऊ?"

आक्काला कळलं मी काय विचारते आहे. तिनं नुसता कौलांकडं हात केला. मी तिच्या हातातल्या काडीकडं बोट केलं.

"तो आघाडा कुठनं आणला आक्का?"

"बांधावरनं."

"पेरला हुता?"

"आघाडा कोण पेरतंय?"

"मग तेपण तणच की. ते तोंडात घातलं, तर हिनं काय घोडं मारलंय?"

पलीकडं वैनी पदर तोंडात कोंबून हसत होती. आक्का हसायची नव्हती, पण तिच्या नाकपुड्या हलल्या.

"बरं बाई. भाजी दे वाटीभर. घोळीची भाजी. झालं समाधान?"

"देत न्हाय. तुम्ही घ्या हातानं."

ती वाकली. आणि आयुष्यभराची सवय. तिचा हात पानांकडं गेलाच नाही, सरळ बुडाशी गेला. तंबाखूत, बटाट्यात जसा जात आला होता तसा. दोन बोटांत बुंधा धरून मनगटाला तो झटका द्यायचा, मुळासकट उपटायचा. झटका बसायच्या आत मी तिचं मनगट धरलं.

"आक्का, उपटायचं न्हाय. खुडायचं."

तिचं मनगट मी त्याआधी कधी धरलं नव्हतं. तिनंच माझं धरलेलं, बाळंतपणात, कळा येताना. ते मनगट माझ्या बोटांत बारीक लागलं, आणि ताणलेलं. ती वर बघेना. मी सोडलं नाही. तिचा अंगठा धरून शेंड्यापाशी नेला, वरची चार पानं सोडून पेरापाशी नख लावायला लावलं. कच्चकन आवाज आला.

"असं व्हय?" आक्का म्हणाली.

"असं. मग तिला दोन फाटे फुटतात."

"म्हंजे आणि वाढती म्हण की!" ती पुटपुटली. पण दुसरा शेंडा तिनं स्वतः खुडला, मग तिसरा. एकदा हात परत बुडाशी गेला, तर तिनंच तो मागं घेतला आणि माझ्याकडं रागानं बघितलं, जणू तो माझा हात होता.

भाजी तिनंच केली, फोडणी न देता, मिरची आणि मीठ घालून नुसती शिजवून. देवापुढं ठेवली. जेवताना वाटी पुसून खाल्ली.

गणपती पाण्यात गेल्यावर हे आक्काला सांगायला गेले, की उद्यमबागेकडं एक खोली बघितलीय, पौर्णिमेनंतर जाऊ. मी मुलीला कडेवर घेऊन मागंच उभी होते.

"कशाला?" आक्का म्हणाली.

"तुम्हीच म्हटला हुता की, गणपती झालं की..."

"आणि ही कौलं कोण उचलणार हितनं? अण्णाची कंबर धरंल." ती माझ्याकडं वळली. "तू ऐक. फूल आलं की बी धरायच्या आत खुडून खायचं. एक बी माझ्या वाफ्यात दिसलं तर बघ."

"व्हय आक्का," मी म्हटलं. त्या 'व्हय'मध्ये भीती नव्हती. मी ते म्हटलं कारण मला ते पटलं होतं.

तिनं शब्द मागं घेतला असं मी म्हणणार नाही. ती घोळीला भाजी म्हणते ते वर्षातून एकच दिवस, पंचमीला. बाकीचे सगळे दिवस ती तण म्हणते, मोठ्यानं, मला ऐकवून. मीही ऐकून घेत नाही, तिथल्या तिथं उत्तर देते. मुलगी आता कानडी शाळेत जाते आणि आम्हा दोघींना भांडताना बघून डोळे फिरवते. दाराची कडी वाजली की अजून दचकते मी. पण उठून उघडते आणि आधी विचारते, कोण हाय.

आणि बी माझ्याच्यानं सगळं आवरत नाही. कितीही खुडलं तरी एखादी बोंडी नजरेतून सुटते, आणि पाऊस पडून गेला की आक्काच्या माठात चार तांबडे देठ दिसतात. आक्का वाकते, शिव्या घालते, मुळासकट उपटते. पण पूर्वी ती उपटलेली घोळ पलीकडं बोळात भिरकावायची. आता माझ्या न्हाणीघराच्या बाजूला टाकते. ती कौलांच्या बुडाशी पडते, एक-दोन दिवस मान टाकते, आणि जिथं पडली तिथंच मूळ धरते.